तळाचा वास

डिंभ्याच्या भागुजीचा पोरगा रुपेश एसटीत बसला की त्याच्या शेजारची जागा थेट घोडेगावपर्यंत रिकामी जायची. धरणावर जाळी टाकणाऱ्या घरातला जन्म. पहाटे बापाबरोबर जाळं काढायचं, चिलापी मासे टोपलीत भरायचे आणि मग अंघोळ करून कॉलेजची बस धरायची. साबणाच्या वड्या झिजल्या, पण वास काही हटला नाही. काही लोक वासामुळे लांब बसायचे आणि काहींना वासाचं निमित्त पुरायचं. तर असा हा रुपेश दुबईला जाऊन एका चकचकीत मॉलमध्ये अत्तरं विकतो, ही बातमी आली तेव्हा गावातल्या चहाच्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. लोक पोट धरून हसले. त्याची बायको रत्ना, तीही हसली. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तो गेला होता, त्यामुळे ती हसली ती जरा बेतानंच.

खरं तर तो गेला होता गोदामात खोकी उचलायला. पण न उघडता कुठल्या खोक्यातली बाटली पाझरतेय हे तो नुसत्या नाकानं सांगायला लागला, आणि साहेबानं त्याला दुकानात उभं केलं. मात्र तिथं कायमचं राहायचं तर परीक्षा होती. डोळ्यांना पट्टी बांधून वास घ्यायचा आणि तो कुठल्या घराण्यातला ते सांगायचं. अभ्यास कुणाला तरी शिकवला की पक्का होतो म्हणून तो संध्याकाळी रत्नाला फोन लावायचा. ती चुलीपुढं बसलेली असायची. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ती भाकरी थापायची आणि तो मास्तरकी करायचा.

"एकूण चार घराणी," रुपेश सांगायचा. "फ्लोरल, फ्रेश, वुडी आन् ओरिएंटल. शेवटच्याला आता अंबर म्हणायचं, असं आमचा साहेब म्हणतो."

"तिथंबी घराणी हायेतच का?" रत्नानं विचारलं. "मंग त्यात वरचं कोण, खालचं कोण?"

तो हसत सुटला. "तसं न्हाई गं. यांचं उलटं हाये. एकटं घराणं बाटलीत जास्त टिकत न्हाई. चौघांत सोयरिक झाली, तरच चांगला वास तयार व्हतो."

"मंग बरी हायेत," रत्ना म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

पण अभ्यासात बाई हुशार. इंग्रजी नावं तिनं बाजूला ठेवली आणि प्रत्येक घराण्याला डिंभ्यातलं घर दिलं. फुलांचं घराणं म्हणजे शेवंती, मोगरा आणि शेजारच्या कुशाबाईच्या दारातला सोनचाफा. ताजं घराणं म्हणजे लिंबाची साल, चिरलेली काकडी आणि टोमॅटोचं चुरगळलेलं पान. टोमॅटोच्या पानाचा वास खरोखर बाटलीत भरतात, हे ऐकून तिला विश्वासच बसेना, कारण दिवसभर टोमॅटोची झाडं सुतळीनं काठ्यांना बांधून हाताला चिकटलेला तो हिरवा-काळा वास ती रोज लिंबू घासून काढायची. लाकडी घराण्यात चंदन, वाळा आणि सुताराच्या दारातला भुसा. आणि चौथं, उबदार घराणं, म्हणजे दालचिनी, गूळ, डिंक आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं संध्याकाळी लावलेली अगरबत्ती विझल्यावर खोलीत मागं राहतं ते.

घराण्यांनंतर मजले आले. प्रत्येक अत्तराला तीन मजले असतात, रुपेश म्हणाला. वरचा वास झाकण उघडल्या उघडल्या येतो आणि पाव्हण्यासारखा चहा पिऊन निघून जातो. मग मधला, तो दुपारपर्यंत बसतो. आणि शेवटी तळाचा.

"तो लई उशिरा येतो," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाला दम नसतो. वरच्या वासावर भुलून बाटली घेतात. खरं अत्तर कसलं हाये ते तळाला कळतं, आन् तवर गिऱ्हाईक घरी गेलेलं असतं."

एकदा नारायणगावच्या एका माणसाबरोबर त्यानं कागदाच्या पट्ट्या पाठवल्या, एकेकीवर एकेक वास लावलेला आणि बॉलपेननं नाव घातलेलं. त्या डिंभ्याला पोचेपर्यंत वरचे दोन्ही मजले उडून गेले होते. रत्नानं एकेक पट्टी नाकाला लावली. काहीतरी गोड, काहीतरी जळकं, बास. तिला वाटलं, आपल्यापर्यंत सगळं असंच येतं, उरलेलं.

आता रत्नाची एक गोष्ट सांगायला हवी, जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती. रानात कामाला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. ऊन लागत नाही, हात खरचटत नाहीत, साडी खराब होत नाही. कालव्याखालच्या टोमॅटोच्या रानात नजर टाकावी तर दहा घरच्या दहा नवऱ्यांचे शर्ट सऱ्यांतून वाकलेले दिसतात. रत्ना मात्र सासऱ्याचा, भागुजीचा, विरलेला पांढरा सदरा घालून जायची. कुशाबाईच्या तोंडाला तेवढं निमित्त पुरे.

"दाल्ल्याचा शर्ट पेटीत घालून पुजतीस का गं?" ती विचारायची आणि अख्खी टोळी हसायची.

कुशाबाईला ठाऊक नव्हतं, पण ती फार चुकत नव्हती. जायच्या आदल्या दिवशी रुपेशनं धरणावर घातलेला निळ्या चौकड्यांचा शर्ट रत्नानं धुतलाच नव्हता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, पत्र्याच्या पेटीत गोधडीखाली ठेवला होता. फारच आठवण आली तर ती गाठ सोडायची, कॉलरमध्ये नाक घालायची आणि लगेच बांधून टाकायची. धरणाचा गाळ, नायलॉनची जाळी, कडुनिंबाचा साबण, घाम. आणि या सगळ्याच्या तळाला निव्वळ रुपेश. दर वेळी उघडलं की थोडा उडतो, हे तिला रुपेशनं मजले शिकवायच्या आधीच कळलं होतं. म्हणून ती मन मारायची. सणाला नाही, वाढदिवसाला नाही. अगदीच राहवेनासं झालं तरच.

तिसऱ्या वर्षी तो परीक्षा पास झाला आणि महिन्याची रजा मंजूर झाली.

सासू जानकाबाई कंबर कसून कामाला लागली. भिंती सारवल्या, भांडी घासली, गोधड्या कालव्यावर नेऊन आपटल्या. गोधड्या काढताना पेटीत तिला ती पिशवी सापडली. उघडली तर आत तिच्या लेकाचा मळकट, कुबट शर्ट. जानकाबाईनं कपाळाला हात लावला. पोरगा अत्तराच्या दुकानातून येतोय आणि घरात हे असलं. तिनं तो भिजवला, ब्रशनं कॉलर घासली, वरून दुकानातलं ते वासाचं निळं पाणी टाकलं आणि उन्हात वाळत घातला.

रत्ना रानातून आली तेव्हा शर्ट दोरीवर हलत होता. ती दारातच उभी राहिली.

"किती दिवसाचा मळका ठेवला व्हतास गं," जानकाबाई म्हणाली. "आता बघ कसा नव्यासारका झाला."

रत्ना सासूला आत्या म्हणायची. "व्हय आत्या," एवढंच ती म्हणाली. मग चुलीत ओलं लाकूड सारलं आणि धूर भरपूर होऊ दिला. धुरात रडलं की कुणी विचारत नाही. रडता रडता तिनं स्वतःला चार शब्द सुनावले, अख्खा माणूस घरी येतोय आणि तू शर्टासाठी काय रडतीस. ते पटण्यासारखं होतं. तरी पटायला वेळ लागला.

रुपेश आला. आधी त्याचा वास आला, मग तो आला. गाडीतून उतरून तो आईच्या पाया पडला तर जानकाबाई म्हणाली, "आगं बाई, देवळात आल्यावानी वाटतंय." घरभर ऊद, गुलाब आणि कसलंसं महागडं गोड पसरलं. शेजारपाजारची माणसं येऊन श्वास ओढून गेली. रत्ना चहा द्यायला वाकली तेव्हा तिनं चोरून त्याच्या खांद्याशी नाक नेलं. चारी घराणी तिथं हजर होती, तिला एकेक ओळखता आलं. रुपेश तेवढा सापडला नाही.

दोन दिवस तिनं धीर धरला. प्रवासाचे कपडे धुतले, त्याला गरम पाणी काढून दिलं. पण वास कपड्यांत नव्हताच. रोज उठून पन्नास बाटल्या उघडणाऱ्या माणसाच्या कातडीत तो मुरला होता. वर सवयीनं तो अंघोळ झाली की मनगटावर एक फुसकारा मारायचाच.

तिसऱ्या दिवशी जानकाबाईनं मुद्दाम चिलापीचं कालवण केलं. ताट समोर आल्यावर रुपेश घुटमळला आणि म्हणाला, "आये, चमचा दे ना. हाताला वास राहतो."

भागुजीचा घास हातातच राहिला. जानकाबाईनं चमचा दिला. पण भाकरी चमच्यानं कशी मोडायची ते रुपेशलाही ठाऊक नव्हतं. त्यानं चमच्याच्या दोन्ही टोकांनी खटपट केली आणि निम्मं ताट तसंच ठेवून उठला.

त्या संध्याकाळी रत्नाला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तो दूर गेला होता तोवर ती त्याची वाट बघू शकत होती. आता तो समोर बसला होता, मग वाट कुणाची बघायची? वरचा वास बदलला तर बदलू दे, तिचं काही म्हणणं नव्हतं. पण माणसाचा तळच बदलला असेल तर पेटीत ठेवायला तिच्याजवळ आता शर्टसुद्धा नव्हता. त्याला ती काही बोलली नाही. काय बोलणार, की तुमी मला वासानं अनोळखी झालात? नव्या कराराचा कागद त्यानं सही करूनच आणला होता, तेव्हा राहा म्हणायचीही सोय नव्हती. तिला फक्त एकदा, जायच्या आत, तो स्वतः हवा होता.

झालं असं की भागुजीच्या जोडीचा माणूस लेकीकडं गेला आणि जाळ्यावर दुसरा हात नव्हता. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलेलं, मासळी एका अंगाला गोळा झालेली, दिवस वाया घालवण्यासारखे नव्हते. भागुजी लेकाला काही म्हणाला नाही. पहाटे एकटाच जाळं खांद्यावर टाकून निघाला. तो वाटेला लागला तेवढ्यात रुपेश उठला, दोरीवरचा निळ्या चौकड्यांचा शर्ट अंगात घातला आणि बापाच्या मागं गेला. मनगटावर फुसकारा मारायचं त्या दिवशी राहून गेलं.

मग रोजच जायला लागला. रत्नानं मनातल्या मनात मोजमाप चालवलं. लिंबाचा वास तर केव्हाच गेला होता. पाठोपाठ गुलाब गेला. गोड वास आणखी काही दिवस कॉलरला धरून राहिला. ऊद मात्र हलायला तयार नव्हता. धरणाचं पाणी, चिखल, ऊन, सगळ्यांना तो पुरून उरत होता. रत्ना त्याच्याजवळून जाताना श्वास घ्यायची आणि पुढं जायची. रुपेशला वाटायचं, बायको सारखी हुंगतेय, माशांचा वास येतोय बहुतेक. तो संध्याकाळी आणखी साबण लावायचा.

रजा संपत आली होती. एका दुपारी तो, पहाटे घरून बरोबर नेलेली तिची भाकरी घेऊन, थेट धरणावरूनच रानात आला. बाया बांधावर जेवायला बसल्या होत्या. कुशाबाईनं "या पावणं" म्हणून जागा करून दिली आणि स्वतः शहाणपणानं पलीकडं सरकली. रत्नाच्या अंगावर सासऱ्याचा सदरा, हात कोपरापर्यंत हिरवे-काळे. तिनं फडकं सोडलं. रुपेशनं भाकरी हातानं मोडली, कालवणात बुडवली आणि काटे बोटांनी बाजूला काढत खायला लागला. चमच्याचं नाव नाही. घाम त्याच्या मानेवरून कॉलरमध्ये उतरत होता.

वारा तिच्या बाजूला वळला आणि तो वास आला.

गाळ, जाळी, कडुनिंब, घाम आणि खाली तो. जसाच्या तसा. तीन वर्षं पिशवीतून चिमटीचिमटीनं घेतलेला वास एकदम ओंजळभर आला आणि रत्नाचा घास घशात अडकला.

"काय झालं?" रुपेशनं विचारलं. "ठसका लागला का?"

"व्हय," ती म्हणाली आणि पाणी प्यायली. तिला आनंद झाला होता, इतका की उठून सरीतून पळत सुटावं. आणि त्याच क्षणी आठवलं की परवा तो जाणार. तळाचा वास लई उशिरा येतो, हे त्यानंच तर शिकवलं होतं.

घरी आल्यावर तिनं या वेळी तोंड उघडलं. सासू भांडी घासत होती, तिच्याजवळ जाऊन बसली. "आत्या," ती म्हणाली, "परवा ते गेल्यावर तो निळा शर्ट धुवायचा न्हाई."

जानकाबाईचा हात थांबला. तिनं सुनेकडं बघितलं, मग दोरीकडं, मग पुन्हा सुनेकडं. काय समजायचं ते समजली. "मला सांगायचं व्हतंस गं," ती हळूच म्हणाली. "मी आपली घासत बसले." मग राखेचे हात पदराला पुसून आत गेली आणि साखरेची आलेली एक जाडसर, न फाटलेली पिशवी शोधून तिनं रत्नाच्या हातात दिली.

जायच्या सकाळी रुपेशनं जाळ्यावरून आल्यावर शर्ट काढला तसा रत्नानं तो उचलला. घडी घातली, पिशवीत ठेवला, हवा दाबून बाहेर काढली आणि दोन गाठी मारल्या. सगळं कसं वेळेवर झालं. रुपेश अंघोळीला गेला. वाटेतल्या भूक-तहानेसाठी केलेल्या दशम्या त्याच्या बॅगेत ठेवाव्यात म्हणून तिनं चेन उघडली. वर कपडे, कागद, दुकानातल्या नमुन्याच्या छोट्या बाटल्या. आणि बाटल्यांच्या खाली, कोपऱ्यात दडपून, एक प्लास्टिकची पिशवी. आत सासऱ्याचा पांढरा सदरा, तिचा रानातला. कालपासून तो सापडत नव्हता आणि आत्यांनी धुवायला नेला असेल असं ती धरून चालली होती.

रुपेश डोकं पुसत आला आणि तिच्या हातात पिशवी बघून चोरी सापडल्यासारखा उभा राहिला.

"तो मळका हाये," रत्ना म्हणाली.

"म्हाईत हाये."

"धुतला बी न्हाई. सगळा डागांनी भरलाय."

"म्हणूनच घेतला," तो म्हणाला. मग खाली बसला आणि तिच्याकडं न बघता बोलायला लागला. "बाह्यांना टोमॅटोचं पान हाये. ते ताजं. खांद्याला चुलीचा धूर, ते लाकडी. गळ्यापाशी तुझं खोबरेल, उबदार. आन् त्याच्या खाली तू. परीक्षेत डोळं बांधल्यावर मी हेच आठवायचो, डिंभ्यातली एकेक वस्तू, तू सांगितलेली. पन्नासातल्या पन्नास वळखल्या. पण तूच कशी व्हतीस ते काय आठवंना. फोनमधनं सगळं येतं गं, एवढंच येत न्हाई."

आपल्याला वास आहे, हेच रत्नाच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तो तिथं परमुलखात बाटल्यांच्या गर्दीत उभा राहून तिला शोधत होता आणि ती इथं रडत होती की तो हरवला. सगळ्या महिन्याचं बोलणं तिला आत्ताच बोलायचं होतं. पण बाहेरून भागुजीची हाक आली की गाडी वळणावर दिसतेय, आणि ही गाडी गेली की पुढची कधी हे गाडीवाल्यालाही ठाऊक नसतं.

तेव्हा तिनं जे करता येण्यासारखं होतं ते केलं. हातातल्या पिशवीची त्यानं मारलेली ढिली गाठ सोडली, हवा दाबली आणि पुन्हा घट्ट बांधली.

"बाटल्यांशेजारी ठिवू नका, आठ दिवसांत उडून जाईल," ती म्हणाली. "खोलीवर पेटी हाये ना? तिच्यात, अंथरुणाखाली. आन् रोज उघडायचा न्हाई. वाटलं तरी न्हाई. अगदी जीव जातोय असं झालं तरच सोडायचा, एकदाच नाक घालायचं आन् लगोलग बांधायचा. असा जपला तर तीन वर्षं पुरतो."

रुपेशचं लक्ष तिच्या मागं गेलं, उघड्या पत्र्याच्या पेटीकडं आणि तिच्यातल्या दोन गाठींच्या पिशवीकडं. काय ते त्याला कळलं. त्यानं तिचा हिरवा-काळा तळहात उचलून नाकाशी धरला आणि गाडीचा भोंगा वाजेपर्यंत सोडला नाही.

तो गेल्यावर रत्ना कामाला गेली. घरी बसून दिवस सरला नसता. कालव्याखालच्या रानात बाया सऱ्यांत वाकल्या होत्या, दहा घरचे दहा शर्ट. ती नुसत्या साडीवरच सुतळीचा गुंडा घेऊन सरीत शिरली. कुशाबाईनं मान वर केली.

"का गं, आज सदरा न्हाई? हात फोडून घेतीस का?"

"दुबैला गेला," रत्ना म्हणाली.

कुशाबाई हसायला लागली, पण रत्नाचा चेहरा बघून मध्येच थांबली. स्वतःच्या डोक्यावरचा टॉवेल काढून तिनं रत्नाच्या उघड्या हाताला गुंडाळून दिला आणि दोघी मिळून सरी बांधायला लागल्या.